चाळणीवरची प्रॉक्सी

घरातल्या कुठल्याही यंत्रात आपण हात घालायचा नाही, हा नियम मी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता आणि बरीच वर्षं पाळलाही होता. त्याआधी इस्त्री, मिक्सर आणि बाथरूमचं कुलूप यांत मी एकेकदा हात घातलेला आहे. दरवेळी शेवटी दुरुस्तीवाला येतो आणि विचारतो, "आधी कुणी उघडलं होतं का?" (मी बायकोकडे बघतो. बायको माझ्याकडे बघते. दुरुस्तीवाल्याला जे समजायचं ते समजतं.) पण त्या संध्याकाळी जिन्यातून कपाट कोसळलं आणि मी ठरवलं, की आता गप्प बसून चालायचं नाही.

कपाट खरं नव्हतं. टीव्हीतलं होतं. पण त्यावरून पेटणारं भांडण अगदी खरं होतं.

माझ्या बायकोला एक धाकटा भाऊ आहे. ती त्याला 'छोट्या' म्हणते. (छोट्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.) आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. शाळेच्या डब्यापासून पहिल्या मुलाखतीच्या शर्टापर्यंत सगळं हिच्या हातचं. त्या छोट्याने दूरच्या शहरात नोकरी धरली आणि हिला कधी सांगितलं? बॅग भरून झाल्यावर. मित्रांना माहीत, घरमालकाला माहीत, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत; ताईला सगळ्यांत शेवटी. ही भांडली असती तर बरं झालं असतं. ही फक्त म्हणाली, "नीट जा." आमच्या घरात या दोन शब्दांना मी सगळ्यांत जास्त घाबरतो.

त्यानंतर फोन यायचा, पण तो कसा, तर "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरा आहे." "ठेवू?" "ठेव." तेवढ्यात माझा चहा निवतसुद्धा नसे.

जाताना तो त्याचा गेम कन्सोल मात्र आमच्या टीव्हीला जोडून गेला होता. म्हणाला, "तिकडे मी दुसरा घेतोय. हा तुझ्याकडे राहू दे, ताई. आपण नेटवरून खेळू." ताईने त्यावर एक कापड टाकलं आणि महिनाभर त्या कापडावरची धूळ झटकत राहिली. मग एके दिवशी मी ऑफिसातून येतो तर काय, कापड बाजूला, कानावर हेडफोन, हातात खेळायचं ते दोन कानांचं यंत्र, आणि पडद्यावर दोन जाडजूड हमाल एक सोफा दारातून बाहेर काढताहेत! पुढचा हमाल छोट्या, मागचा हमाल माझी धर्मपत्नी. गेमच तसा होता: लोकांच्या घरातलं सामान दोघांनी मिळून उचलायचं, जिने उतरवायचं आणि ट्रकमध्ये भरायचं. दोघांपैकी एकाने जरी हात सोडला, तरी सामान खाली.

आणि खेळताना ही बोलायची! "डावीकडे घे. हळू. अरे, भिंत आहे! जेवलास का? आता वळव. काय जेवलास? वळव म्हटलं ना!" फोनवर ज्याची विचारपूस व्हायची नाही, त्याची सगळी चौकशी सोफ्याच्या दोन टोकांवरून व्हायला लागली. मी शेजारी बसून भाजी निवडायचो. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

पण आमचं नेट! ऐन जिन्यात पोचलं की चित्र अडकायचं. हिचा हमाल पुतळ्यासारखा उभा, छोट्याचा हमाल पुढे, आणि कपाट गडगडत तळमजल्यावर.

"ताई, सोडलंस का?" हेडफोनमधून छोट्याचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा.

"मी कुठे सोडलं? तूच पुढे निघून गेलास."

"मी हाक मारली होती."

"मला ऐकू आलं तेव्हा तू गेलेला होतास. न सांगता पुढे जायची सवयच आहे तुला."

पलीकडे शांतता. ही शांतता नेटमुळे होती की कशामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. ते कपाट आता फक्त कपाट राहिलं नव्हतं, एवढं मला कळलं. आणखी दोन-चार कपाटं पडली असती तर त्या कन्सोलवर पुन्हा कापड पडलं असतं.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसतो. माझ्या समोर सर्वज्ञ बसतात. (हे त्यांचं आडनाव नव्हे. पण त्यांना अजून हे कुणी सांगितलेलं नाही आणि तेही या नावाला ओ देतात.) मी त्यांना नेटचं दुखणं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "प्रॉक्सी लावा."

"म्हणजे?"

"पाणी कमी दाबाने आलं की लोक काय करतात?"

"आपल्याकडे तक्रार करतात."

"त्याने पाणी येतं का?"

"नाही."

"मग काय करतात?"

"खाली टाकी बांधतात आणि पंप बसवतात."

"संपलं! घरचा लॅपटॉप ही तुमची टाकी. त्यात प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर टाका. कन्सोलला सांगा, बाबा रे, तू थेट नळाला तोंड लावू नकोस, लॅपटॉपमधून घे. मग बघा दाब."

इतकं सोपं मला आजवर कुणीही काही समजावलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी कामाला लागलो. आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर असायचा. लॅपटॉपला जोडायची वायर तिथवर पुरेना, म्हणून मी तो ओढून काढला, पुसला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. सॉफ्टवेअर उतरवलं. मग लॅपटॉपचा नंबर कन्सोलमध्ये भरायचा होता. मी लॅपटॉपवरून वाचणार आणि बायको टीव्हीवर एकेक आकडा निवडणार.

"एकशे ब्याण्णव. ठिपका."

"ठिपका कुठे असतो?"

"खाली, उजवीकडे."

"मिळाला. पुढे?"

"एकशे अडुसष्ट. अगं, अडुसष्ट म्हटलं, अठ्ठ्याहत्तर नाही."

"अहो, तुमचा अडुसष्ट अठ्ठ्याहत्तरसारखाच ऐकू येतो."

(तो नंबर पुरा होईपर्यंत आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षाइतके भांडलो.)

पण त्या दिवशी कपाट जिना उतरलं! नुसतं उतरलं नाही, तर फ्रिज, टेबल आणि आरसा त्याच्यामागोमाग ट्रकमध्ये गेले. कुठेही अडकलं नाही. छोट्या ओरडला, "ताई, काय केलंस? नेट बदललंस?" आणि ही माझ्याकडे बघत म्हणाली, "यांनी प्रॉक्सी लावली." 'यांनी' हा शब्द तिने ज्या आवाजात उच्चारला, तो आवाज मी साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. मी भाजीच्या देठांसकट उठलो आणि उगाचच खिडकी उघडून बाहेर पाहिलं.

आता प्रॉक्सी म्हटली की लॅपटॉप सतत चालू हवा. आमच्या लॅपटॉपला वय झाल्यामुळे मध्येच डुलकी लागते, आणि जागा असला की तापतो. डुलकीसाठी मी सेटिंग बदललं. तापण्यासाठी त्याला खालून वारा हवा, म्हणून स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी उपडी घातली आणि त्याला तिच्यावर बसवलं. बायकोने पीठ न चाळता कणीक मळली आणि एक शब्दही बोलली नाही. इतकं माझं वजन त्या दिवशी वाढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी छोट्याला सुट्टी होती, म्हणून दोघांचा दुपारचाच बेत ठरला. मी ऑफिसात एका चौथ्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार टाइप करत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, आत जाताच येत नाही. नेट नाही म्हणतंय."

मी आवाज खाली आणला. (माझा खाली आणलेला आवाज शेवटच्या टेबलापर्यंत जातो, असं मला नंतर सांगण्यात आलं.) "घाबरू नकोस. माझी प्रॉक्सी बंद पडली असेल. ती चालू असली की मी तिथे आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. आजवर कुणाच्या लक्षात आलं का? नाही ना? मग!"

फोन ठेवून मान वळवली तर पाठीशी मोठे साहेब.

"कुणाची प्रॉक्सी?" साहेबांनी विचारलं.

"माझीच, साहेब."

"कधीपासून चाललंय हे?"

"कालपासून," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "फार छान चालतंय, साहेब."

"तुमच्या जागी बसतं कोण?"

"कुणी माणूस नाही, साहेब. लॅपटॉप बसतो. चाळणीवर."

साहेबांनी चष्मा काढला. "ही अक्कल तुमची?"

श्रेय ज्याचं त्याला द्यावं, असं मला वाटलं. "नाही साहेब, सर्वज्ञांनी शिकवलं. त्यांना यातलं सगळं माहीत आहे."

सर्वज्ञांचा चेहरा जिन्यातून पडणाऱ्या कपाटासारखा झाला. साहेबांच्या कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे वर्गात दुसऱ्याच्या नावाने 'हजर' ओरडणं, आणि आमच्या ऑफिसात हजेरीचं मशीन आल्यापासून साहेब नेमक्या त्याच संशयाने झोपत नव्हते, हे मला कसं माहीत असणार? आम्हा दोघांना केबिनमध्ये नेण्यात आलं. तिथे मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: छोट्या, त्याची बॅग, इस्त्रीवाला, सोफा, कपाट. साहेब बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुमची बायको आणि तिचा भाऊ टीव्हीवर हमाली करतात."

"हो साहेब."

"आणि त्यासाठी चाळणीवर लॅपटॉप."

"हो साहेब."

"घरी जा," साहेब म्हणाले. "अर्ध्या दिवसाची रजा टाका. तुम्ही इथे बसलात तर मला दिवसभर तेच दिसत राहील."

(सर्वज्ञांना रजा मिळाली नाही. ते माझ्याशी पुढचे काही दिवस फक्त शिपायामार्फत बोलत होते.)

मी धावतपळत घरी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. चप्पल काढता काढता आत नजर गेली. टीव्हीवर 'जोडणी होऊ शकत नाही' अशी पाटी. लॅपटॉपने माझी परवानगी न घेता स्वतःला अपडेट करायला घेतलं होतं आणि तो चाळणीवर बसून गोल गोल चक्र फिरवत होता. आणि बायको? बायको जमिनीवर, सोफ्याला टेकून, कानाला साधा फोन लावून बसली होती.

"...मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणत होती.

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"वेडा आहेस का? मी रडले असते तर रडले असते. रडू दिलं असतंस. बाकी सगळ्यांना सांगून झाल्यावर मला सांगितलंस, त्याचं मला लागलं." तिने पदराने नाक पुसलं. "नाही, आता नाही रडत. सर्दी आहे... बरं, रडतेय. तू रडतोयस का? मग गप्प बस."

मी एक चप्पल हातात आणि एक पायात अशा अवस्थेत उंबऱ्यावरच उभा राहिलो. आत जावं की न जावं? तेवढ्यात लॅपटॉप जागा झाला. माझ्यातला तंत्रज्ञ उसळला. मी चवड्यांवर टेबलापाशी गेलो, प्रॉक्सी सुरू केली, टीव्हीवरची पाटी गेली, आणि मी विजयी स्वरात ओरडलो, "झालं! चालू झालं! खेळा आता!"

बायकोने माझ्याकडे न बघता हात हलवला. "थांबा हो जरा. आम्ही बोलतोय."

तो फोन इतका चालला की मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तिचाही मीच प्यायलो.

पुढच्याच महिन्यात छोट्या चार दिवस राहायला आला. येण्याआधी त्याने ताईला गाडीची वेळ, डब्याचा नंबर आणि बरोबर आणणार असलेल्या कपड्यांचा रंगसुद्धा कळवला होता. घरात शिरल्या शिरल्या त्याने चाळणीवरचा लॅपटॉप पाहिला आणि खाली बसून पोट धरून हसला.

"भावोजी, या प्रॉक्सीतून फार तर लॉगिन आणि डाउनलोड जातं. हा खेळ तिच्यातून जातच नाही!"

"मग त्या दिवशी नीट कसं चाललं?"

"राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढलात ना? त्याने."

बायकोने शांतपणे चाळणी उचलली, धुतली आणि कणकेचा डबा खाली काढला. छोट्याच मग म्हणाला, "पण भावोजी, तुमची ती प्रॉक्सी बंद पडली नसती तर ताईने मला फोन केला नसता हां." बायको आतून म्हणाली, "ते मात्र खरं आहे." मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसून खेळत होती, एकमेकांना कोपरं मारत. छोट्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने आपलं यंत्र माझ्या हातात दिलं. "घ्या भावोजी, तुम्ही एवढं केलंत, एक पलंग तर उचला."

मी पलंग उचलला. बायको म्हणाली, डावीकडे. मी उजवीकडे गेलो, भिंतीला धडकलो, वळलो, पुन्हा त्याच भिंतीला धडकलो आणि शेवटी पलंगासकट खिडकीतून बाहेर पडलो.

मी घसा साफ केला.

"नेट अडकतंय वाटतं," मी म्हणालो.

बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग छोट्या अगदी हळू आवाजात, माझं मन दुखावणार नाही अशा बेताने म्हणाला,

"भावोजी, दोघं एकाच घरात असलो की या गेमला नेट लागतच नाही."