कराचीचा नळ आणि दिग्रसचा बर्फ

"वहाँ तो हम बारा महिने बर्फ का पानी पीते हैं," जफर जेवता जेवता म्हणाला, आणि जलालचा घास हातातच राहिला.

जफर म्हणजे जलालचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी कराचीला गेला, तो आता बासष्टच्या मे महिन्यात पहिल्यांदा दिग्रसला घरी आला होता. व्हिसा महिनाभराचा, आणि तोंडाला उसंत म्हणून नाही. तिकडं घरात नळ, डोक्यावर पंखा, दाराशी बस! बरं, धाकट्या भावानं चार बढाया मारल्या तर मारू द्याव्यात. पण काल रात्री आल्या आल्याच तो बोलून गेला होता, "अम्मा को मैं ले जाऊंगा." तिथं जलालची झोप उडाली. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं दुरुस्त करणारा हा आडदांड माणूस. पण सकाळी हुस्नाबीनं, म्हणजे त्याच्या अम्मानं, "ऊठ बेटा" म्हटल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे.

"बर्फ ना?" जलाल म्हणाला. "इथं बी रोजच असते."

त्याची बायको जमिला पोळी लाटता लाटता थांबली.

"आज तो दिखा नहीं," जफर म्हणाला.

"आज शुक्रवार हाये."

शुक्रवारचा आणि बर्फाचा काय संबंध, हे जलाललाही ठाऊक नव्हतं. पण बोलून तर बसला होता.

शेजारचा घनश्याम यवतमाळच्या एसटीवर कंडक्टर होता. पहाटे जलालनं त्याला गाठलं.

"यवतमाळहून रोज बर्फ आनशीन का?"

"कायले? कोनी बिमार हाये का?"

"जफर अम्माले कराचीले घेऊन जाऊन राह्यला."

"मंग बर्फानं थांबीन का ते?"

"थांबीन. तू आन त खरं!"

झालं. भुशात गुंडाळलेला बर्फ पोत्यातून यायला लागला. वाटेत दारव्हा येईपर्यंत मागच्या बाकावरच्या लोकांचे पाय भिजायचे, आणि घनश्याम गंभीर चेहऱ्यानं टपाकडं बघायचा. जलालकडं रोज बर्फ असतो, ही बातमी आळीत पसरायला कितीसा वेळ? कोणाच्या पोराला ताप, कोणाकडं पाहुणे. जो तो भांडं घेऊन दारात. जफरसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. एकाची दोन पोती झाली. आता लोक भिजलेले पाय बघून भांडणाला उठू लागले, तरी घनश्यामनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

जफर हटवादी. आपल्याला याची सवय आहे हे दाखवायला तो गारेगार पाणी लोट्यानं प्यायचा आणि म्हणायचा, "वहाँ इससे ठंडा मिलता है." शेवटी व्हायचं तेच झालं. त्याचा घसा बसला आणि आवाज पार गेला.

जलालला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा! आता तो एकटाच बोलायला मोकळा. "काय कमी हाये इथं? दूध हाये, तूर हाये, बर्फ हाये. राजावानी रायतो आपन."

हुस्नाबी सुपात तूर निवडत सगळं ऐकत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"जफर, माहे कागद कर. येतो मी तुह्यासंग."

जलालच्या पायाखालची जमीन सरकली. "अम्मा! काहून?"

"तुह्याकडं समदंच हाये बेटा. तुले माय कायले पाह्यजे? याच्याकडं पाह्य. गळा बसला याचा. तिकडं काढा देनारं तरी हाये का कोनी याले?"

"अम्मा, बर्फ यवतमाळहून येते!" जलाल ओरडला. त्यानं ओलं पोतं ओढत आणून तिच्यासमोर टाकलं. "एसटीत बसून येते! घरात काही नाही. कवेलू गळतात, हीर आटली!"

आता जफर उठून बसला. उर्दू कुठल्या कुठं गेली आणि तो घोगऱ्या आवाजात पुरता दिग्रसचा झाला. "मह्याकडं तरी काय हाये? नळ साऱ्या गल्लीत एकच. फजरच्या नमाजाआधी लाइन लागते."

"इथं पंखा नाही!"

"तिथं हाये, मालकाच्या खोलीत. मले फकस्त आवाज येते."

महिनाभर एकमेकांपेक्षा सुखी असलेले दोन भाऊ घटकेत कंगाल झाले. जमिलानं कपाळावर हात मारला.

"आमी चौघं रायतो एका खोलीत," जफर म्हणाला. "एक झोपते तवा दुसरा कामावर असते. मी अम्माले झोपवू कुठं..."

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं. जलाल जिंकला होता, पण त्याला भावाच्या तोंडाकडं बघवेना.

जफर निघाला त्या दिवशी स्टँडवर हुस्नाबीचे डोळे थांबत नव्हते. "लाइनीत उभं रायते माहं लेकरू," हेच एक.

जफरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "अम्मा, रोना नहीं. मजाक किया था मैंने. नल घर में ही है."

तिनं जलालकडं पाहिलं. हा कराचीची खोटी स्तुती करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जलालनं मान डोलावली.

"खरं हाये अम्मा. पंखा बी हाये. इथल्यापेक्षा लई चांगलं हाये तिकडं."

"मंग मले काहून नाही नेऊन राह्यला तो?"

घनश्यामचा हात घंटीच्या दोरीवर होता, तो तिथंच राहिला. जफरनं मान खाली घातली.

"तिथं बर्फ लई हाये, अम्मा," जलाल म्हणाला. "याचा गळा गेला, तुहे दात कसे टिकतीन?"

हुस्नाबीनं विचार केला. पदरानं डोळे पुसले. "ते बी खरंच हाये," म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत जलालचं मनगट घट्ट धरून उभी राहिली.