एकेचाळीस तबकड्या

लिहिणाऱ्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असं माझं आजवर चालत आलं. आमच्या घरात सही करणारा मी पहिला आणि कॉलेजात जाणाराही पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर आधी कुणाला विचारावं लागतं का, हेदेखील मला नीट माहीत नाही. काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. नागनाथअप्पांबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतो आहे.

नागनाथअप्पा लग्नं थांबवत असत.

उदगीरला धान्याच्या मोंढ्यामागं त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्नाची वरात मांडवात आली, अक्षता वाटून झाल्या, मुहूर्त आला, की मुलीचा मामा अप्पांना हातानं खूण करी, की आता रेकॉर्ड बंद करा. अप्पा उत्तरादाखल उजव्या हाताचं एक बोट वर करत. याचा अर्थ, बाई आता श्वास घेणार आहे, तो घेऊ द्या. चारशे माणसं मुठीत तांदूळ धरून उभी राहत. भोंग्यातून एका म्हातारीचा, लांबलचक, जरा खरखरता श्वास सगळ्या गल्लीला ऐकू जाई. मग अप्पा बोट खाली करून सुई उचलत आणि लग्न पुढं सरके.

ही म्हातारी म्हणजे अनसूयाबाई औरादकर. त्यांचं नाव माहीत नाही असा माणूस आमच्या भागात नव्हता. तरुणपणी त्यांनी म्हटलेली झोक्याची आणि बांगड्यांची गाणी मोंढ्यातल्या हमालांनाही पाठ होती. माझे वडील त्यांतलेच एक हमाल, आणि पोतं पाठीवर घेताना ते बांगड्यांचंच गाणं म्हणत. लग्नातही लोकांना हीच गाणी हवी असत. अप्पांकडं ती मिळत नसत.

"ते बाईचं पोरपण हाय," अप्पा म्हणत. "पोरपण ऐकायचं तर बसस्टँडवर जावा."

अप्पांकडं बाईंची एकच रेकॉर्ड होती. पासष्टी उलटल्यावर कंपनीनं मुंबईच्या स्टुडिओत त्यांच्याकडून चार ओव्या गाऊन घेतल्या होत्या. सोबत एक पेटी आणि तंबोरा, बाकी काही नाही. आवाज चिरलेला. वरचा सूर लागत नाही म्हणून बाई तो लावतच नाहीत, नुसत्या त्याच्या दारापर्यंत जाऊन परत येतात. ही रेकॉर्ड आली कधी आणि गेली कधी, ते कुणाला कळलं नाही. अप्पांना मात्र कळलं. लोक कुरकुरले की ते मान हलवत, "इल्ला, इल्ला. आवाज म्हातारा झाल्याबगर त्याच्यात माणूस बसत न्हाई." सीमेवरचं गाव असल्यामुळे नाही म्हणायला अप्पांना कानडीच लागे.

हळूहळू लग्नाची गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडं गेली. अप्पांना त्याचं नवल वाटलं नाही.

घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी राहत होतो. ते मला कॉलेज म्हणत. नाव विचारून झालं होतं, पण त्यांना कॉलेज हेच जास्त सोयीचं वाटलं. एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "ए कॉलेज, तुला कंपनीला लिव्हता येतंय का?" मी कंपनीला कधी लिहिलं नव्हतं, पण नाही म्हणायची लाज वाटली. बाईंची अजून एक रेकॉर्ड काढावी, अशी विनंती करायची होती. मी ती तीनदा कच्ची आणि एकदा पक्की लिहिली. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं. सदर गायिकेच्या सदर ध्वनिमुद्रिकेला मागणी नाही, सबब नवीन ध्वनिमुद्रण विचाराधीन नाही.

अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला गेले. परत आले ते मागणी घेऊनच. तिथल्या दुकानात पडून असलेल्या सातही प्रती त्यांनी उचलल्या होत्या. माल खपला म्हणून दुकानदारानं आणखी मागवल्या. उदगीरला मागणी आहे असं सांगून अप्पांनी त्याही घेतल्या. आपल्या भागात इतके दर्दी आहेत हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हतं. तो खूश होऊन मागवत राहिला.

वर्षभरात अप्पांकडं एकेचाळीस तबकड्या झाल्या. लग्नात ते एक एक आहेर म्हणून देऊ लागले. ज्यांना दिल्या त्यांच्याकडं वाजवायचं यंत्र नव्हतं. त्या साली पाऊस आलाच नव्हता, विहिरी आटल्या होत्या, आणि मिळालेलं पाणी झाकून ठेवणं फार महत्त्वाचं झालं होतं. तबकडी माठावर नेमकी बसते, हे प्रथम कुणाच्या लक्षात आलं ते माहीत नाही. अप्पा एकदा एका घरी पाणी प्यायले तेव्हा माठावर अनसूयाबाई होत्या. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की उलटी ठेवली व्हती, दुसरी बाजू चांगली हाय.

एकदा मी विचारलं, "अप्पा, बाईंची जुनी गाणी तुम्हाला खरंच आवडत नाहीत?" त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा विनोदीच वाटलं. निजामाच्या अमलात उदगीरच्या जत्रेत बाईंचं गाणं झालं होतं. अप्पा तेव्हा सोळा वर्षांचे. भोंगा बांधलेला खांब रात्रभर धरून बसायचं काम त्यांना मिळालं होतं. समोर अफाट माणूस डोलत होता आणि अप्पांना मागं नुसती घरघर ऐकू येत होती.

"भोंग्याच्या मागं बसनाऱ्याला गानं नसतंय," ते म्हणाले. "लोकायचं तोंड बगून कळतंय, काय तरी चांगलं चालू हाय म्हनून."

तर अशा माणसानं बाई पहिल्यांदा ऐकल्या त्या म्हाताऱ्या झाल्यावर.

दुष्काळात लग्नं कमी झाली आणि अप्पांच्या भोंग्याला नवं काम लागलं. पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत किती वाजता येईल ते रिक्षात बसून पुकारायचं. पुकारण्याआधी लोकांचं लक्ष वेधायला अप्पा अर्थातच ओवी लावत. महिनाभरात असं झालं, की अनसूयाबाईंचा चिरका आवाज आला की बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावत. इतकी धावपळ बाईंच्या ऐन उमेदीतल्या गाण्यांनीही कधी केली नसेल.

आणि मग खरोखरच कंपनीचा माणूस लातूरच्या दुकानात येऊन गेला. आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवाच, उस्मानाबादेतून वेगळा झालेला. अजून अर्ध्या कचेऱ्यांना पाट्या लागायच्या होत्या. पण अनसूयाबाईंची रेकॉर्ड खपण्यात तो राज्यात पहिला आला होता. या जिल्ह्यातल्या रसिकांसाठी बाईंची आणखी एक रेकॉर्ड काढायचं ठरलं आहे, असं दुकानदारानं अप्पांना कळवलं. त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं नाही. घरातच बसून राहिले. मी भाकरी घेऊन गेलो तर म्हणाले, "आज काय खायला होईना."

रेकॉर्ड आली ती भर उन्हाळ्यात. दुकानाचं दार लोटून आम्ही दोघांनी ती ऐकली. पहिली ओवी बरी गेली. दुसरीत बाईंना दम लागला. अप्पांचं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं, कारण श्वास संपेना. एक पुरा होईतो दुसरा सुरू होई, आणि मध्ये शब्द कसेबसे बसवलेले. चौथी ओवी बाईंनी जवळजवळ बोलूनच टाकली.

सुई नुसती फिरत राहिली. अप्पांनी ती उचलली नाही, मीच उचलली.

"म्या दमवलो तिला," अप्पा म्हणाले.

मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. ते त्यांनी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात दुकानदाराकडून एक पाकीट आलं. वर लिहिलं होतं, लातूर जिल्ह्यातील रसिकांस. आत बाईंच्या हातच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत चार ओळी होत्या. आपल्या भागात एकेचाळीस घरी मला ऐकतात असे कंपनीवाले सांगतात. नवीन रेकॉर्ड कशी वाटली ते खरे खरे कळवावे. आता मला तोंडावर खरे सांगणारे कोणी उरले नाही.

अप्पा दोन दिवस ते पाकीट खिशात घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वही-पेन्सिल घ्यायला सांगितलं. टँकरला उशीर होता. आमच्या भीमनगरात रांग लागली होती, त्यात माझी आईही होती. अप्पांनी रिक्षा रांगेजवळ उभी करून नवी रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली आणि मला म्हणाले, "ज्याला त्याला इचार. जे म्हनतील तेच लिव. तुजं कॉलेज घालू नको त्यात."

मी विचारत गेलो. एकीनं सांगितलं, आवाज माझ्या सासूसारखा आहे, पण सासू इतकं गोड कधी बोलली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं की हे आधीचंच गाणं आहे ना. माझी आई म्हणाली की चांगलं लिही, म्हातारं माणूस आहे. रांगेच्या शेवटाला कडेवर पोर घेतलेली एक बाई होती. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच, भोंग्याकडं होतं. बाईंना दम लागला तेव्हा ती मागं वळून कुणालातरी म्हणाली,

"अगं, घोटभर पानी तर द्या तिला कुनी."

हे अप्पांनीही ऐकलं. त्यांनी भोंगा बंद केला.

रात्रीपर्यंत पत्र तयार झालं. रांगेतलं सगळं मी होतं तसं उतरवलं. मग अप्पांनी शेवटचा मजकूर सांगितला आणि तो लिहिताना माझा हात थांबला. एकेचाळीस घरं नाहीत, ते सगळं मी एकट्यानंच घेतलं, असं त्यांना कळवायचं होतं. मी म्हणालो, "अप्पा, हे कशाला? त्यांना वाईट वाटेल."

"खरं इचारलंय तिनं," अप्पा म्हणाले. "लिव. एकच मानूस हाय म्हनावं. आता त्याच्यापायी गाऊ नका, दमता."

मी लिहिलं. खाली अप्पांचं नाव घातलं आणि उत्तराचा पत्ता माझ्या नावानं आमच्या कॉलेजचा दिला.

उत्तर आलं नाही. पावसाळा आला, बऱ्यापैकी पडलाही. अप्पांनी नवी रेकॉर्ड पुन्हा लावली नाही आणि जुनीही लावली नाही. टँकर बंद होईपर्यंत ते नुसतं हॅलो हॅलो करून पुकारत होते. ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्ताला एका गिऱ्हाइकानं बांगड्यांचं गाणं मागितलं, तर त्यांनी ते दुसऱ्या दुकानातून आणून वाजवलं. बोट वर केलं नाही. लग्न वेळेवर लागलं. बाई रागावली असं ते माझ्याजवळ एकदाच म्हणाले, आणि तेही रागावणं रास्त आहे अशा सुरात.

मी पुढं शिकायला नांदेडला गेलो. दिवाळीनंतर वसतिगृहात मला एक पाकीट मिळालं. त्याच्यावर इतके शिक्के होते, की पत्ता वाचायला उजेडात धरावं लागलं. पत्त्यात उदगीरपुढं जिल्हा उस्मानाबाद असं लिहिलं होतं. अप्पांनी जिल्हा लातूर घाल म्हणून मला बजावलं होतं. पण शाळेपासून हाताला जे वळण होतं तेच त्या रात्री कागदावर उतरलं असणार, आणि मुंबईहून उत्तर लिहिणाऱ्यानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. आधी उस्मानाबाद, मग उदगीर, मग माझ्यामागं नांदेड, असं ते पत्र चार महिने फिरत होतं.

पत्र बाईंच्या भाचीचं होतं. मी ते जिन्यात उभ्यानं वाचलं आणि दुपारच्या बसनं उदगीरला निघालो.

अप्पा दुकानात वायर गुंडाळत बसले होते. मला बघून म्हणाले, "कॉलेज बंद पडलं का?" माझी चूक मी आधी सांगून टाकली. ते रागावले नाहीत, फक्त वायर खाली ठेवली. मग मी वाचायला लागलो.

भाचीनं लिहिलं होतं, तुमचे पत्र मी मावशींना दोनदा वाचून दाखवले. सासूचे वाचले तेव्हा त्या खूप हसल्या. पाण्याच्या रांगेतल्या बाईने मला पाणी देऊ केले, असे त्या आल्यागेल्याला सांगत. स्टुडिओत त्यांना दम लागला हे खरे आहे. पण नऊ वर्षांत त्यांना कोणी गायला बोलावले नव्हते. बोलावणे आल्यावर दोन महिने त्या पहाटे उठून तंबोरा घेऊन बसत होत्या. ते त्यांचे दिवस फार चांगले गेले. एकच माणूस आहे ही ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, तरुणपणी माझ्यापुढे हजारो माणसे बसली, पण ती एकेकदाच आली. हा एकटा एकेचाळीस वेळा आला.

मी थांबलो. अप्पा समोरच्या रस्त्याकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं,

"मागचं पत्र बाईनं सोता लिव्हलं व्हतं. हे भाचीनं का लिव्हलं?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"तू मदूनच वाचायला लागलास," अप्पा म्हणाले. "पयली ओळ वाच."

पहिली ओळ मी बसमध्ये सारा रस्ताभर वाचत आलो होतो. ती अशी होती: कळवण्यास फार वाईट वाटते, की आमच्या मावशी अनसूयाबाई आषाढात, झोपेतच वारल्या.