तुलनेअंती स्थलांतर

हिंदी मुलखातल्या एका शहरात, तेलीबागेत राहणाऱ्या डॉ. श्रीरंग बापटांच्या घरी, चपलांच्या कपाटाशेजारचा जुना संगणक २०१४च्या मार्चमध्ये कुरकुरू लागला. हा साधा संगणक नव्हता. तो घरचा सर्व्हर होता. सगळे कौटुंबिक फोटो आणि लतिकाच्या दिवंगत वडिलांनी गायलेली भजनं त्यातच होती. नवं यंत्र आणून झालं होतं. फक्त सामान हलवायचं बाकी होतं.

"मग आजच हलवू या," लतिका म्हणाली. ती बँकेत अधिकारी असूनही तिला कामं संपवायची सवय होती.

"असं कसं?" श्रीरंग संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. एका यंत्राच्या पोटात चार यंत्रं असल्याचा भास निर्माण करणारं सॉफ्टवेअर ते नव्या संगणकावर बसवणार होते. त्यासाठी दोन उमेदवार होते. "अधिक वेगवान कोणतं, हे सिद्ध झाल्याशिवाय स्थलांतर करणं बेजबाबदारपणाचं ठरेल."

पहिल्याच चाचणीच्या मध्यात वीज गेली. परिस्थिती समान नसेल तर निष्कर्ष अग्राह्य. म्हणून इन्व्हर्टर संगणकाच्या सेवेत रुजू झाला आणि पंखे सेवामुक्त झाले. मिक्सर लावला की आकडे थरथरतात असं आढळल्यावर चटणीला मनाई झाली. ऊन वाढलं तशी कूलरची बैठकीतून चपलांच्या कपाटापाशी बदली झाली. श्रीरंगांचे सहकारी चारुदत्त निरीक्षक म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चिनहटहून येऊ लागले. त्यांना चहा मिळे, पण वारा अडेल अशा जागी बसायची परवानगी नव्हती.

"बाबा, कूलर हमें दे दीजिए ना," कॉलेजात जाणारी मुक्ता घाम पुसत म्हणाली. "कंप्यूटर को कौन-सा एग्ज़ाम देना है?"

"त्याचीच तर परीक्षा चालू आहे," श्रीरंग गंभीरपणे म्हणाले.

मेअखेर निकाल लागला. पहिलं सॉफ्टवेअर दुसऱ्यापेक्षा पापणी लवण्याइतक्या फरकाने वेगवान ठरलं. चारुदत्तांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी दुसऱ्याची नवी आवृत्ती आली आणि निकाल रद्द झाला.

फेरचाचणी जुन्या संगणकातल्या खऱ्या मालावरच घ्यायची ठरली. तीच भजनं यंत्राने दिवसभर वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. शेवटी जुन्या डिस्कने लांबलचक करकर केली आणि ती कायमची गप्प झाली.

श्रीरंगांनी डिस्कला कान लावून पाहिला. "लतिका, आप्पांचं गाणं गेलं गं. माझ्यामुळे गेलं."

"कुठे गेलं? माझ्या लॅपटॉपवर आहे. तुझी पहिली चाचणी सुरू व्हायच्या आधीच कॉपी केलं मी. एक प्रत दादाकडे नागपूरलाही पाठवली."

श्रीरंगांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी विचारलं, "कॉपीला वेळ किती लागला?"

"मोजला नाही."

"मग ते ग्राह्य कसं धरायचं?"

लतिकाने भजन लावलं. आप्पांचा आवाज घरभर पसरला. श्रीरंग डोळे मिटून पहिल्यांदाच काही न मोजता ऐकत राहिले.

पुढे त्यांनी चाचण्यांचा अहवाल इंटरनेटवर टाकला. तो फार गाजला. "आम्हीही सामान हलवणारच होतो, आता तुमच्या पुढच्या चाचणीपर्यंत थांबतो," असं कित्येकांनी कृतज्ञतेने कळवलं.

त्यांना आपण खुशाल हसावं. फक्त ज्या फोनवर आपल्या आईचा आवाज साठवलेला आहे, त्याची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, तेवढं आठवून हसावं.