सहा मार्कांचं पत्र

पंचाहत्तरी झाली तेव्हा शालिनी बाईंनी आपल्या नववीच्या एका जुन्या वर्गातल्या बेचाळीस जणांना पत्र पाठवायचं ठरवलं. प्रत्येकाला एक आठवण, ज्याची त्याची. आठवणी त्यांनी मल्हारगंजातल्या घरी बसून स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केल्या. पाठवायचं काम उन्मेषकडे आलं, कारण त्या वर्गातला सॉफ्टवेअरवाला तोच.

"पाठव, पण वाचू नकोस," बाईंनी बजावलं.

उन्मेषने प्रोटोटाइप पॅटर्न वापरला. म्हणजे एकच नमुना-पत्र नीट घडवायचं, त्याचे बेचाळीस क्लोन काढायचे आणि प्रत्येकात नाव आणि आठवण बदलायची. सगळे क्लोन तयार झाल्यावर त्याने ते एकदम पाठवून दिले.

त्याच्या स्वतःच्या पत्रात होतं, 'वार्षिक परीक्षेत गणितात तू नापास होतास. सहा मार्क मी वाढवले. कोणाला सांगू नकोस.'

आपल्या घराण्यात गणित रक्तातच आहे, असं तो मुलीला, श्रेयाला, नेहमी ऐकवायचा. पुढचे तीन दिवस तो तिच्या वहीकडे फिरकला नाही. वर्गाच्या ग्रुपवरही चमत्कारिक सन्नाटा होता. 'पत्र मिळालं' यापलीकडे कोणी बोलेना.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. "काय पाठवलंस रे? विक्रांत येऊन पाया पडला. म्हणे, बाई, तुमच्या सहा मार्कांवर माझी फॅक्टरी उभी आहे. अरे, तो तर पहिला यायचा. शलाका बँकेत मॅनेजर, ती फोनवर रडली."

उन्मेषने कोड उघडला, चूक शोधली आणि आनंदाने थेट बाईंचं घर गाठलं.

"बाई, क्लोन वरवरचे निघाले. नाव ज्याचं त्याचं, पण आठवणीची जागा सगळ्यांत मिळून एकच राहिली. एकाची लिहिली की सगळ्यांचीच बदलायची. आता प्रत्येकाला वेगळी जागा दिली आहे. म्हणजे नापास कोणीच नव्हतं, बाई."

"मग सगळ्यांकडे गेली ती कोणाची आठवण?"

"सगळ्यात शेवटी लिहिलेली. हजेरीपटाप्रमाणे यादीत जो शेवटचा..."

वडिलांची बदली झाल्यामुळे उन्मेष महूहून नववीच्या मध्येच या वर्गात आला होता. हजेरीपटावर त्याचं नाव सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत जोडलेलं असायचं.

बाईंनी पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. "पद्धत बरोबर असायची तुझी. उत्तर चुकायचं. मी पद्धतीचे मार्क दिले."

संध्याकाळी, आधी सगळ्यांना चुकून एकच आठवण गेल्याच्या खुलाशासह, नवी पत्रं गेली आणि ग्रुप वाहायला लागला. शलाकाची लाल रिबीन, फळ्यावरची बाईंचीच चूक दाखवायला उभा राहिलेला विक्रांत, खेळाच्या तासाला पळवून नेलेला डस्टर. कस्तुरीने विचारलं, 'उन्मेष, तुला काय आलं?'

त्याने लिहिलं, 'तेच. माझं पहिलंच पत्र बरोबर होतं.'

एकेचाळीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. विक्रांतने वर लिहिलं, 'बस कर भिया, किती मजाक करशील.'