कंदाला बर्फ

शेवंतीबाई कुंडीभोवती बर्फ रचायला लागल्या, तेव्हा त्यांचे यजमान लवू यांच्या हातातला चहा हातातच राहिला.

"काय गो, ह्या काय?"

"दिसत नाही? थंडावा देतेय. सगळी पानं गळली बघा."

करी रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ही कुंडी म्हणजे घरातलं लाडकं माणूस. लेक अक्षदा चार वर्षं एडिंबराला. गेल्या पावसाळ्यात तिने एका मित्राबरोबर सायक्लेमेन नावाच्या फुलझाडाचा कंद धाडला. "बर्फातसुद्धा तगतं हे, आई. फूल आलं की मी आलेच समज!" पोरगी आपली सहज बोलून गेली, आईने मात्र खूणगाठ बांधली आणि झाडालाच अक्षदा म्हणू लागली. हिवाळ्यात नक्षीदार पानं आली, फूल काही येईना. आणि मे लागला तशी पानंही गेली.

दर रविवारी फोन यायचा. "झाड कसंय?" "मस्त!" बस. "ये" म्हणून ही बाई तोंडातून काढील तर शपथ! लेकीच्या वाटेत आडवं यायचं नाही, हा बाणा. रात्री उशी ओली झाली तर झाली.

फ्रिजमधला बर्फ कुठवर पुरणार? म्हणून त्यांनी बाजारातल्या कोळणीकडून पाटीखालचा बर्फ पिशवीभर आणला. त्याला बांगड्याचा असा काही घमघमाट, की दुपारपर्यंत चाळीतली झाडून सगळी मांजरं गॅलरीत हजर.

"अगं शेवंती, बारसं आहे का मांजरांचं?" शेजारच्या जाईबाई झाडू घेऊन धावल्या. झाडू लागला कुंडीला, कुंडी फुटली, आणि एक दांडगा बोका बांगड्याच्या वासाचा कंद तोंडात धरून जिन्याने पसार झाला.

"धरा! धरा मेल्याला! माझ्या अक्षदाला नेली हो!" शेवंतीबाईंनी टाहो फोडला.

तळमजल्यावर पेपर वाचत बसलेल्या राजाराम यांनी एवढंच ऐकलं. सेक्रेटरी माणूस! त्यांनी लगेच चाळीच्या ग्रुपवर टाकलं, 'अक्षदाला पळवली. तरुणांनी खाली यावे.' तरुण खाली आले, आणि जाईबाईंनी वरून बोक्याचं ओरडून सांगेपर्यंत त्यातल्या कुणीतरी तो मेसेज थेट एडिंबराला धाडला.

फोन वाजला. "आई, मला कोणी पळवलं?"

"बोक्याने!" म्हणताना शेवंतीबाईंना रडूच कोसळलं. "झाड तर आधीच मेलं होतं, आता कंदपण गेला गो. फूल नाय येणार. म्हणजे तूपण नाय येणार."

"अगं, मेलं कुठे? उन्हाळ्यात झोपतं ते! पानं गळतातच. नुसतं कोरडं ठेवायचं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तू दर वेळी मस्त म्हणायचीस! आणि मला कधी ये म्हणालीस? मला वाटलं, हिला झाड पुरे."

शेवंतीबाईंचा बाणा तिथेच गळाला. "ये गो बाय. डोळे लागलेत तुझ्या वाटेकडे. काय आणू नको. तू ये फक्त."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "गणपतीला येते. आत्ताच तिकीट बघते, थांब."

तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. घामाघूम झालेले राजाराम, मागे तरुणांचा घोळका, आणि राजारामांच्या उंच धरलेल्या हातात कंद!

"वहिनी! मिळाला! दात लागलेत जरासे, पण जिवंत आहे!"

शेवंतीबाईंनी फोनवर तळहात दाबला.

"हळू बोला हो!" त्या दबक्या आवाजात कडाडल्या. "तिकीट निघेपर्यंत तो मिळालेला नाही!"