नकुलरावांचं समजूतदार यंत्र

एका जंगलात, बाळांनो, नकुलराव नावाचे एक मुंगूस राहत असत. जंगल आपलं नेहमीचंच. वाघ अजून राजा होता, पण डरकाळी फोडायला त्याला माइक लागायचा.

नकुलरावांचा नदीकाठी कारखाना होता. तिथे पूर-भोंग्याची सर्किट बोर्डं बनत. नदी चढली की भोंगा वाजायचा आणि काठावरचे सगळे टेकडीकडे पळायचे. नकुलरावांचं बीळही काठावरच होतं. त्यात त्यांची बायको सगुणाबाई आणि तान्ही पिल्लं. त्यामुळे बोर्ड खराब निघू नये, याची नकुलरावांना फार काळजी असे.

एके दिवशी कोल्हा आला. बाजाराचा कल सांगणं हा त्याचा धंदा होता. यंत्रं विकणं हा, तो म्हणे, नुसता छंद. आजूबाजूच्या सगळ्या जंगलांत आता बोर्डं आपोआप तपासली जातात, उजेडात धरून डोळे बारीक करणारे तुम्ही एकटेच उरलात, असं त्याने सांगितलं. नकुलराव ओशाळले. त्यांनी यंत्र घेतलं.

यंत्र झकास होतं. त्यात साळिंदराच्या पाठीसारख्या सुया होत्या. बोर्ड वर ठेवलं की प्रत्येक सांध्याला एकेक सुई टेकायची. सगळं जुळलेलं असलं की हिरवा दिवा, कुठे तुटलेलं असलं की लाल.

मग दसरा आला. नकुलरावांनी यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. झेंडूची माळ घातली. आणि भाविक माणूस, म्हणजे मुंगूस, म्हणून एकही सुई वगळली नाही. प्रत्येकीला हळद लावली, वर कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बोर्डाला लाल दिवा.

सुया पुसाव्यात असं कोणाच्याही मनात आलं नाही. देवाला लावलेलं कुंकू पुसतं का कोणी? नकुलराव चांगली बोर्डं फेकत राहिले. लाल दिवा लागला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. शेवटी त्यांनी कोल्ह्याला बोलावलं.

कोल्ह्याने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. कडक यंत्रांचे दिवस गेले, आता शिकणाऱ्या यंत्रांकडे कल आहे, असं तो म्हणाला आणि नवं यंत्र ठेवून गेला.

नवं यंत्र खरंच शिकणारं होतं. लाल दिवा लावला की मालक कपाळाला आठ्या घालतो आणि हिरवा लावला की खूश होतो, एवढं त्याने दुपारपर्यंत शिकून घेतलं. पुढे शिकण्यासारखं काही उरलंच नाही. एकदा नकुलरावांनी जेवणाचा डबा चुकून त्यावर ठेवला, तर हिरवा दिवा लागला. त्यांनी घरी जाऊन सगुणाबाईंच्या भाकरीचं तोंडभरून कौतुक केलं.

हिरवा दिवा मिळालेली सगळी बोर्डं भोंग्यांत बसली. आणि परतीचा पाऊस धो धो कोसळला.

नकुलराव बिळात पानाला चुना लावत बसले होते. सगुणाबाई बाहेरून धावत आल्या.

"अहो, पाणी उंबऱ्याला लागलं."

"भोंगा वाजला का?"

"नाही."

"मग लागलं नसेल."

सगुणाबाईंनी पिल्लं तोंडात धरली आणि टेकडीची वाट धरली. नकुलराव भोंग्याकडे कान लावून बसून राहिले. पाणी हनुवटीला आलं, तेव्हा कुठे ते घाबरले. कसेबसे पोहत टेकडीवर पोचले. पिल्लं सुखरूप दिसली आणि त्यांना रडू आवरेना. आपण यांना बुडवलं असतं, हे त्यांना कळलं होतं. सगुणाबाईंनी पिल्लं आपल्याकडे ओढून घेतली.

टेकडीवर कोल्हा आधीच पोचला होता. भिजलेल्या प्राण्यांना तो बाजाराचा कल सांगत होता. पुरानंतर मागणी दुप्पट होणार. आता तपासणी यंत्रांना तपासणारं यंत्र येतंय, घ्यायचं तर आत्ताच सांगा, असं त्याचं चाललं होतं.

नकुलरावांनी डोळे पुसले. सगुणाबाईंची नजर चुकवून ते हळूच पुढे सरकले.

"त्यात लाल दिवा नसतो ना?" त्यांनी विचारलं.

तात्पर्य : बाळांनो, भोंगा वाजेपर्यंत पूर आला असं मानू नये. पाणी नाकात गेलंच, तर ते तपासणी न केलेलं पाणी आहे असं समजावं आणि शांतपणे बुडावं.