पाहुण्या आल्या आणि गॅस गेला

हुडकेश्वरला शोभाताईंच्या घरी त्या रविवारी मुलगा दाखवायचा कार्यक्रम होता. हे नागपूर आपल्या नागपूरसारखंच, ऊनही तेवढंच; फक्त तिथे बायका कमावतात, पुरुष घर सांभाळतात, आणि असं का, हे विचारणाऱ्या पोराचं लग्न जमत नाही. केयूरला आधीच चार स्थळांनी नाकारलं होतं. चौथ्या वेळी तर चहा देताना त्याच्या खिशातून पक्कड पडली. पुरुषाच्या जातीला शोभतं का हे? बिचारा आठवडाभर रडत होता.

"खिसे दाखव," वडील गोपाळराव म्हणाले. "हाताले ग्रीस नाही न लागलं?"

"नाही जी, बाबा."

"मान खाली ठेवजो. अन् पोहे तूच केले म्हणून सांगजो."

काटोलहून संत्र्यांच्या व्यापारी यमुताई आणि त्यांची मुलगी मयुरा येऊन बसल्या. इकडे पोहे कढईत पडले आणि गॅस विझला. भरलेला सिलेंडर बाजूलाच होता. पण सिलेंडरला पुरुषानं हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. गोपाळरावांनी दारातून हळूच सांगितलं, "अहो, सिलेंडर बदलता का?"

शोभाताईंचा चेहरा उतरला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्या मोठ्या इंजिनीअर, पण घरचा सिलेंडर लग्नापासून गोपाळरावच दार लावून बदलत आले होते. तरी त्या उठल्या. रेग्युलेटर ओढला, पिरगाळला, शेवटी त्याला दम भरला.

"सरका वं बाई," यमुताई पदर खोचून आत आल्या. "आमच्या घरी मीच बदलते." आणि त्यांनीही तो तसाच पिरगाळला. गोपाळराव काय ते समजले. काटोललाही दार लागत होतं.

आजकालचे रेग्युलेटरच बेकार, यावर दोघींचं एकमत झालं. घरात रेंज नव्हती, म्हणून गॅसवालीला फोन करायला दोघी गच्चीवर गेल्या. गोपाळराव जिन्याशी पहाऱ्याला उभे राहिले. केयूरनं खटक्यात रेग्युलेटर बसवला, गॅस पेटवला आणि वळून पाहतो तर दारात मयुरा. पाचवंही स्थळ गेलं! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पोहे लागून राहिले न गा. सरका." मयुरानं पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं, पोह्यांवर घालायची तर्री चाखून मीठ टाकलं. "मले सयपाक लई आवडते. आईले सांगू नका."

"तुमी बी सिलेंडरचं सांगू नका."

"नाही सांगत. पक्कडीचं मले मैत्रिणीनं सांगतलं होतं. आहे न अजून?"

केयूरनं साखरेच्या डब्यातून पक्कड काढून दाखवली. मयुरा मनापासून हसली आणि केयूरची मान पहिल्यांदाच वर झाली.

यमुताईंनी दोन प्लेटा पोहे खाल्ले. "पोराच्या हाताले चव आहे. पसंत! पण आमच्या मयुराले चहा बी करता येत नाही बरं."

"आमचा केयूर तर बल्बले हात लावाले भेते," शोभाताई कौतुकानं म्हणाल्या.

निघताना यमुताईंची गाडी सुरू होईना. दोघी बॉनेट उघडून गंभीरपणे आत पाहत उभ्या राहिल्या. गोपाळरावांनी केयूरला डोळ्यानंच खूण केली.

"बाई, आत या न. सुपारी फुटल्याचा चहा तरी घ्या," ते मोठ्यानं म्हणाले. "दार मी लावून घेतो."